आलिशान गाडीच्या शोरूममध्ये ग्राहकाला मिळणारी वागणूक : कोकणातील खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातील ज्या कुटुंबांना मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, आउडी, व्होल्व्हो किंवा लँड रोव्हर घ्यायची असते, त्यांना बहुधा कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा नवी मुंबई गाठावी लागते. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, तेही आंबा घाट चढून. पुण्यातल्या ग्राहकाला एका शोरूममध्ये दुर्लक्ष झाले तर तो संध्याकाळी दुसऱ्या शोरूममध्ये जाऊ शकतो. राजापूरच्या ग्राहकाचा मात्र सबंध दिवस फुकट जातो. म्हणून पुढील उत्तरांत वागणुकीच्या गोडव्यापेक्षा, शोरूमकडून नेमकी कोणती माहिती व कोणता शब्द पदरात पाडून घ्यायचा, यावर अधिक भर दिला आहे.

शोरूममध्ये पाऊल टाकताच आपली पारख कशावरून केली जाते?

विक्री सल्लागाराला महिन्याचे टार्गेट असते आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग त्या महिन्यात गेलेल्या गाड्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे आलेल्या प्रत्येक माणसाची मनातल्या मनात आणि नंतर संगणकावर 'हॉट', 'वॉर्म' किंवा 'कोल्ड' अशी विभागणी होते. वाशीच्या बाजारातला दलाल पेटी उघडण्याआधीच आतल्या फळाचा अंदाज बांधतो, तसाच हा प्रकार आहे. बाहेर उभी असलेली गाडी, हातातला फोन, बोलण्याची भाषा आणि गाडीविषयी विचारलेला पहिला प्रश्न यांवरून हा अंदाज बांधला जातो. पण अनुभवी सल्लागार या सर्वांपेक्षा एकाच गोष्टीला महत्त्व देतो, ती म्हणजे गाडी कधी घ्यायची आहे. 'गणपतीच्या आधी घरात गाडी हवी' किंवा 'जूनमध्ये, आंब्याचा हिशोब झाला की घेणार' असे पहिल्या पाच मिनिटांत सांगणाऱ्या ग्राहकाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, मग त्याच्या पायात काहीही असो. 'सहज बघायला आलो' हे आपल्याकडचे संकोचाचे वाक्य शोरूममध्ये शब्दशः घेतले जाते आणि त्याचा तोटा बोलणाऱ्यालाच होतो.

साधा शर्ट आणि चपला घालून गेल्यास खरोखरच फरक पडतो का?

पडतो, पण आपण समजतो तितका सरळ नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सिल्व्हिया बेलेझ्झा, फ्रान्सेस्का जिनो आणि अनात काइनन यांच्या संशोधनात मिलान शहरातील महागड्या दुकानांच्या विक्रेत्यांना दोन प्रकारच्या ग्राहकांचे वर्णन वाचायला दिले होते : एक व्यायामाच्या कपड्यांत आलेली स्त्री, दुसरी फरचा कोट घालून आलेली. ज्यांचा श्रीमंत ग्राहकांशी रोजचा संबंध होता, त्या विक्रेत्यांना साध्या कपड्यांतली स्त्रीच खरेदी करण्याची शक्यता अधिक वाटली. कोकणाजवळच्या मोठ्या शोरूममध्ये मुरलेल्या माणसांनाही हे ठाऊक असते. ट्रॉलरमालक, काजू कारखानदार, बागायतदार आणि मर्चंट नेव्हीतून सुट्टीवर आलेला मुलगा हे सगळे बर्म्युडा घालून येऊ शकतात, हे त्यांनी पाहिलेले असते. अडचण नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्याची असते. त्याच्याशी गाठ पडली, तर रागावण्यापेक्षा सेल्स मॅनेजरला भेटायचे आहे असे शांतपणे सांगावे.

त्याच वर्षी मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांनी दाखवलेली गोष्ट ग्राहकाने अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. महागड्या ब्रँडच्या विक्रेत्याने तुच्छतेने वागवल्यास, त्या ब्रँडची आस असलेल्या ग्राहकाची खरेदीची इच्छा वाढते, आणि काही काळ लोटला की हा परिणाम ओसरतो, असे त्यांना आढळले. अपमान झाला म्हणून 'दाखवूनच देतो' या ईर्ष्येने त्याच दिवशी वरच्या मॉडेलचे बुकिंग करणारा ग्राहक नेमका या सापळ्यात सापडतो. अपमानाच्या दिवशी सही करू नये, एवढा एक नियम पाळला तरी बरेच पैसे वाचतात.

रोख रक्कम घेऊन गेल्यास शोरूमवाले अधिक मान देतात, हे खरे आहे का?

हा समज जुना आहे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातील तुमकूर येथे पिकअप गाडी घ्यायला गेलेल्या एका शेतकऱ्याला विक्रेत्याने खिशात दहा रुपये तरी आहेत का असे हिणवले आणि तो शेतकरी तासाभरात दहा लाख रुपये घेऊन परत आला, ही बातमी देशभर गाजली. ती आपल्याकडेही फार आवडीने सांगितली जाते. परंतु आयकर कायद्यानुसार १ एप्रिल २०१७ पासून कोणालाही एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही आणि स्वीकारल्यास तेवढाच दंड स्वीकारणाऱ्यावर बसू शकतो. शोरूमने रोख नाकारली तर त्यात ग्राहकाचा अनादर नसतो. एखादा विक्रेता 'थोडे रोख द्या, जमवून घेऊ' असे म्हणू लागला, तर मात्र त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. गाडी खरेदीसाठी पॅन क्रमांकही लागतो.

संस्थानिकाने अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्या कचरा गोळा करायला लावल्या, ही कथाही याच संदर्भात फिरत असते. ती कधी अलवरच्या, कधी पतियाळाच्या, तर कधी हैदराबादच्या नावावर सांगितली जाते. एवढ्यावरूनच तिच्यावर किती विसंबावे हे ठरवता येते.

आधी वेळ ठरवून जाणे आवश्यक आहे का?

सक्ती नसते, परंतु कोकणातून जाणाऱ्याने ते अवश्य करावे. दूरध्वनीवर ठरलेली वेळ व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावी आणि त्यात कोणते मॉडेल, कोणते इंजिन, डेमो गाडी त्या दिवशी शोरूममध्ये असेल की नाही, आणि कोण भेटणार, या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख असावा. महिन्याचे शेवटचे दिवस आणि दसरा-दिवाळी-पाडव्याचे मुहूर्त डिलिव्हरीच्या गर्दीचे असतात. त्या दिवशी नव्या ग्राहकाकडे लक्ष द्यायला माणूसच मोकळा नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेल्यास निवांत वेळ मिळतो. काही शोरूम गाडी घरापर्यंत आणूनही दाखवतात. विचारल्याशिवाय ही सोय कोणी सांगत नाही, आणि विचारताना 'आमच्या घराकडे येणारा चढ गाडीला झेपतो का, हे पाहायचे आहे' असे कारण दिले तर नकार मिळण्याची शक्यता कमी होते.

शोरूम टेस्ट ड्राइव्ह नाकारू शकते का?

होय. टेस्ट ड्राइव्ह हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क नाही. वैध वाहन परवाना नसल्यास शोरूमने गाडी हातात देऊच नये. आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्यांनी आपल्या भारतीय परवान्याची मुदत आधीच तपासावी. फार महागड्या गाड्यांच्या बाबतीत आधी ग्राहकाची आर्थिक माहिती विचारण्याची किंवा फक्त शेजारी बसवून फेरी मारण्याची पद्धत आढळते. फेरारीसारख्या कंपन्या तर मर्यादित संख्येची मॉडेले कोणाला द्यायची हे स्वतःच ठरवतात आणि त्यात जुन्या ग्राहकांना प्राधान्य असते. मात्र नेहमीच्या आलिशान सेडान किंवा एसयूव्हीसाठी कारण न सांगता टाळाटाळ होत असेल, तर तो त्या शोरूमचा निष्काळजीपणा आहे. शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावरची दोन किलोमीटरची फेरी कोकणच्या ग्राहकाला काहीही सांगत नाही. गतिरोधक, खडबडीत रस्ता आणि चढावरचे वळण असलेला मार्ग मागावा, आणि मागच्या सीटवर घरातील वडीलधाऱ्यांना बसवून पाहावे.

गाडी मी घेणार आहे, पण विक्रेता सर्व माहिती माझ्या यजमानांनाच सांगतो. काय करावे?

ही तक्रार डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या अनेक स्त्रिया करतात, आणि तिचा संबंध केवळ शिष्टाचाराशी नसून किमतीशीही आहे. इयान आयर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागो परिसरातील नव्या गाड्यांच्या विक्रेत्यांकडे एकच ठरावीक संवाद पाठ केलेले ग्राहक पाठवले होते. तीनशेहून अधिक वाटाघाटींवर आधारलेला त्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोऱ्या पुरुषांना सांगितलेली किंमत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय ग्राहकांना सांगितलेल्या किमतीपेक्षा स्पष्टपणे कमी होती. हा अभ्यास अमेरिकेतील आहे आणि आपल्याकडे नेमका किती फरक पडतो हे त्यावरून ठरवता येत नाही; परंतु समोरचा ग्राहक बाजारभाव जाणत नाही असे गृहीत धरले की किंमत वर सरकते, हे तत्त्व कोणत्याही बाजारात लागू पडते.

उपाय साधा आहे. भेटीची वेळ स्वतःच्या नावाने घ्यावी, कोटेशन स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या क्रमांकावर मागवावे, आणि टेस्ट ड्राइव्हला चालकाच्या सीटवर स्वतः बसावे. सोबतच्या पुरुषाने 'गाडी त्यांची आहे, त्यांनाच विचारा' एवढे एक वाक्य सुरुवातीला उच्चारले, तर पुढचा अर्धा तास सुकर होतो.

मराठीत किंवा मालवणीत बोलल्यास कमी लेखले जाते का?

क्वचित. महाराष्ट्रातील शोरूममध्ये मराठी बोलणारा कर्मचारी असतोच. तो समोर यावा असा आग्रह धरण्यात गैर काही नाही. बुकिंग फॉर्म आणि कर्जाचे कागद मात्र इंग्रजीत असतात. त्यातील प्रत्येक कलम मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

किमतीत घासाघीस करता येते की सर्वांना एकच भाव असतो?

हे कंपनीवर अवलंबून आहे. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात थेट विक्रीची पद्धत आणली. त्यात गाडीचे बिल कंपनी देते, डीलर मध्यस्थाचे काम करतो आणि गाडीची मूळ किंमत देशभर एकच राहते. अशा ठिकाणी एका शहराचे कोटेशन दुसऱ्या शहरात दाखवून फारसा उपयोग होत नाही; तेथे जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत, विमा, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिस पॅकेज यांवर बोलणी करावी लागतात. इतर ठिकाणी डीलरच्या हातात सवलत असते, विशेषतः मागील वर्षी तयार झालेल्या गाडीवर. म्हणून चॅसी क्रमांक आणि निर्मितीचा महिना-वर्ष लेखी मागावे. विक्रेता हे सांगायला कचरत असेल, तर गाडी जुन्या साठ्यातील असण्याचा संभव आहे.

कोटेशनमधील प्रत्येक ओळ वेगळी असावी. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील २० लाखांपेक्षा महागड्या पेट्रोल गाडीवर १३ टक्के आणि डिझेल गाडीवर १५ टक्के एकरकमी कर लागतो, तर कंपनीच्या नावावर घेतल्यास तो २० टक्के होतो. म्हणजे ६० लाखांची डिझेल गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास सुमारे ३ लाख रुपये अधिक जातात, आणि हे ग्राहकाला सही करण्याआधी कळले पाहिजे. १० लाखांपेक्षा महागड्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) वसूल करतो. ६० लाखांच्या गाडीवर ते ६० हजार होतात. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात तिचे श्रेय मिळते आणि देय कर नसल्यास ती परत मिळते. ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे असल्यामुळे विवरणपत्र भरण्याची सवय नाही, अशा बागायतदारांचे पैसे येथे अडकून राहतात. चांगला विक्रेता हे आपणहून सांगतो. 'हँडलिंग चार्जेस' या नावाची ओळ दिसल्यास ती कशाबद्दल आहे हे लेखी विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ती काढून टाकायला सांगावे.

विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. बाहेरचे दोन दर आणले की शोरूमचा दर बहुतेक वेळा आपोआप खाली येतो.

विक्रेत्याने 'गोव्याचे पासिंग करून देतो, कर वाचेल' असे सुचवल्यास?

बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागांतील ग्राहकांना हे हमखास सुचवले जाते. मोटार वाहन कायद्यानुसार मालक जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी सामान्यतः जेथे ठेवली जाते, तेथे नोंदणी व्हायला हवी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी राहिल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. गोव्यात खरोखर घर किंवा व्यवसाय असेल तर प्रश्न नाही. कोणाचा तरी भाडेकरार जोडून दिलेला पत्ता म्हणजे खोटे कागद, आणि त्यावरची सही विक्रेत्याची नसून ग्राहकाची असते.

शेतीचे किंवा परदेशातील उत्पन्न असल्यास कर्जाच्या टेबलावर वागणूक बदलते का?

बदलते, आणि याचे कारण विक्रेत्यापेक्षा कर्ज देणाऱ्या संस्थेच्या चौकटीत असते. पगारदाराची तीन कागदांत संपणारी गोष्ट हापूसच्या बागायतदाराला सातबारा, बँक खात्याचे उतारे, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि विवरणपत्रे यांनी सिद्ध करावी लागते. मासेमारी व्यावसायिकाच्या खात्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात जमा दिसत नाही, आणि पुण्यातल्या कर्ज अधिकाऱ्याला ते संशयास्पद वाटू शकते. अशा वेळी कर्जाची पूर्वमंजुरी आपल्या गावातील बँकेच्या शाखेतून घ्यावी. तेथील व्यवस्थापकाला हंगाम म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. हाती मंजुरीपत्र घेऊन आलेल्या ग्राहकाला शोरूममध्ये ऐपतीविषयी कोणीही आडून प्रश्न विचारत नाही.

शोरूम चांगले आहे हे नेमके कशावरून ओळखावे?

कॉफीच्या कपावरून ओळखू नये. आपल्या गावाविषयीच्या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरांवरून ओळखावे. गाडी कणकवलीजवळ राष्ट्रीय महामार्ग ६६ वर बंद पडली, तर ती उचलून न्यायला फ्लॅटबेड (गाडी वाहून नेणारा सपाट ट्रक) कोठून आणि किती वेळात येईल? वर्कशॉप कोल्हापुरात असल्यास गाडी नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा? काम लांबल्यास पर्यायी गाडी मिळेल का? अनेक जर्मन गाड्यांत स्टेपनीऐवजी रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ते ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत साधारण ८० किलोमीटर चालतात. फोंडा किंवा करूळ घाटात रात्री टायर गेला, तर त्या मापाचा टायर सर्वांत जवळ कोठे मिळेल, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत गंजाविरुद्धची हमी कोणत्या अटींवर चालते, हेही विचारावे.

पुराचा प्रश्न तर सर्वांत आधी विचारावा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी गेले, तर साध्या सर्वसमावेशक विम्यातून त्या इंजिनाचा खर्च बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. सिरॅमिक कोटिंगवर (रंगावरच्या संरक्षक थरावर) अर्धा तास बोलणारा, पण या कवचाचा उल्लेखही न करणारा विक्रेता कितीही अदबीने वागला, तरी त्याने आपले काम केलेले नाही असेच माझे मत आहे.

बुकिंगची रक्कम परत मिळते का?

बुकिंग फॉर्मवर जे लिहिले आहे त्याप्रमाणे. रद्द केल्यास किती कपात होईल आणि किती दिवसांत पैसे येतील, हे तोंडी आश्वासन न मानता फॉर्मवर लिहून घ्यावे. डिलिव्हरीची तारीख, रंग आणि मॉडेल-वर्षही त्यातच असावे. ठरलेल्या मुदतीत परतावा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते.

अपमानास्पद वागणुकीविरुद्ध तक्रार कोठे करता येते?

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पैसे दिले नाहीत, देण्याचे ठरलेही नाही आणि फक्त उद्धट वागणूक मिळाली, अशा वेळी आपण कायद्याच्या व्याख्येतील 'ग्राहक' होत नाही आणि ग्राहक आयोगाकडे जाऊन उपयोग होत नाही. परंतु धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला दुकानात प्रवेश नाकारणे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने निषिद्ध केले आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून असा नकार दिल्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार तो गुन्हा आहे. पायातल्या चपलांवरून केलेल्या भेदाला मात्र यांपैकी कोणतेही कलम लागू होत नाही. त्याची तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे, भेटीची तारीख व वेळ देऊन ईमेलने करावी. भेटीनंतर येणाऱ्या समाधान-सर्वेक्षणाच्या फोनलाही खरे उत्तर द्यावे. अनेक कंपन्यांत या गुणांवर शोरूमचे प्रोत्साहन अवलंबून असते, आणि म्हणूनच 'सर, पूर्ण गुण द्या' अशी गळ घातली जाते.

पैसे दिल्यानंतरचा वाद असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ पासून सुरुवात करावी. त्यानंतर, प्रत्यक्ष दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे आणि त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे जाता येते. येथे गाडीची किंमत नव्हे, तर दिलेली रक्कम पाहिली जाते. त्यामुळे ८० लाखांच्या गाडीच्या २ लाखांच्या बुकिंगचा वाद जिल्हा आयोगातच चालतो. शोरूम पुण्यात असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, तीही घटनेपासून दोन वर्षांच्या आत. कोकणच्या ग्राहकासाठी २०१९ च्या कायद्यातील ही सर्वांत उपयुक्त तरतूद आहे.

एकदा चौकशी केल्यानंतर फोन थांबतच नाहीत. काय करावे?

'या गाडीचा विचार सोडला आहे, माझा क्रमांक काढून टाका' असे सल्लागाराला आणि कंपनीच्या ईमेलवर लेखी कळवावे. तरीही फोन आल्यास नको असलेल्या जाहिरातींच्या फोनविरुद्धच्या १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. 'नंतर बघू' असे म्हणू नये. त्या उत्तराने आपले नाव यादीत कायम राहते.

डिलिव्हरीच्या दिवशी काय पाहावे?

त्या दिवशी हार, केक, पडदा आणि छायाचित्रे यांची धांदल असते, आणि याच धांदलीत तपासणी राहून जाते. शक्य असल्यास आदल्या दिवशी किंवा निदान दोन तास आधी पोहोचून दिवसाच्या उजेडात रंग, काचा, टायरवरील निर्मितीची तारीख, किलोमीटरचा आकडा आणि चॅसी क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. नोंदणी क्रमांक मिळाल्याखेरीज गाडी ताब्यात देऊ नये असा नियम आहे. 'मुहूर्त साधा, नंबर नंतर पाठवतो' हे ऐकू नये. सर्व्हिस सल्लागाराचे नाव व थेट क्रमांक त्याच दिवशी घ्यावा, कारण दुसऱ्या दिवसापासून विक्री सल्लागार पुढच्या ग्राहकाकडे वळलेला असतो. पूजा गावच्या देवळासमोर करायची असल्यास शोरूममधील नारळ फोडण्याचा कार्यक्रम नम्रपणे टाळता येतो, आणि वाचलेला अर्धा तास टायर तपासण्यात घालवता येतो.